अजानवृक्षाची मुळी



तुम्ही हे पुस्तकात वाचताय, म्हणजे तुम्ही वाचक. पण मी तुम्हाला श्रोतेच म्हणणार. चाळीस वर्षांची सवय आहे, ती आता सुटायची नाही. समोर कोणीतरी मांडी घालून बसलंय असं धरलं तरच माझी जीभ चालते. तेव्हा मधेच मी "बरं का" म्हटलं, तर तिथं मान हलवा.

आजचा विषय दिसायला लहान आहे. रस्त्याच्या कडेचं जुनं झाड, आणि त्याच्या बुंध्याशी होणारं फुटपाथचं काम. तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात हे कुठून आणलं? परमार्थ सांगा. सांगतो ना. आधी माझ्याबरोबर आळंदीला चला.

ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ साली, समाधी घेतली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं लोटली. समाधीस्थानाभोवती रान माजलं. जागा नेमकी कुठली, हेही लोक विसरले. आणि मग तिकडे पैठणात एकनाथमहाराजांचा घसा दुखायला लागला. औषधं झाली, काढे झाले, उतार पडेना. एके रात्री स्वप्नात साक्षात ज्ञानोबाराय आले आणि म्हणाले की अजानवृक्षाची एक मुळी माझ्या गळ्याभोवती आली आहे, तू आळंदीला येऊन ती दूर कर. परंपरा असं सांगते. नाथ उठले, आळंदीला आले, इंद्रायणीच्या काठी शोध घेत घेत समाधीपर्यंत पोचले आणि गळ्याची ती मुळी त्यांनी बाजूला केली. समाधीचा जीर्णोद्धार झाला, आणि शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून आपल्या हाती दिली.

ही कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली आहे. मीही हजार वेळा सांगितली आहे. पण एक प्रश्न आपण कधी विचारत नाही. नाथांनी मुळी काढली, पण झाडाचं काय केलं?

झाड ठेवलं, माऊली! अजानवृक्ष आजही आळंदीत आहे. त्याच्या सावलीत बसून लोक ज्ञानेश्वरीची पारायणं करतात. नाथांच्या जागी आपल्यापैकी कोणी असता, तर काय म्हणाला असता? "एवढ्या मोठ्या महापुरुषाच्या गळ्याला त्रास देतंय, सगळं झाडच काढा, खाली फरशी करून टाका." नाथांनी तसं केलं नाही. अडचण एका मुळीची होती. नाथ खाली उतरले, नेमकी कुठली मुळी ते पाहिलं, आणि तेवढीच हातानं सोडवली. समाधीही राहिली, झाडही राहिलं.

आता आपल्या शहरात या. तिथं झाडाची मुळी गळ्याशी आली होती. इथं आपण सिमेंट घेऊन मुळीच्या गळ्याशी आलो आहोत. कथा उलटी झाली, बरं का!

(भजन : विठ्ठल विठ्ठल)

बाराव्या अध्यायात ज्ञानोबाराय भक्ताची समता समजावून सांगतात. शत्रू आणि मित्र दोघांशी सारखंच कसं वागायचं? माऊलींना दृष्टांत सापडला तो झाडाचा. एकानं झाड लावलं, दुसरा त्यावर घाव घालायला आला. झाड दोघांना सारखीच सावली देतं. तू कुऱ्हाडवाला आहेस, तू उन्हात उभा राहा, असं झाड म्हणत नाही.

मी तरुणपणी आळंदीत चार वर्षं शिकलो. हा दृष्टांत तेव्हा पाठ केला, अर्थ लिहून घेतला, परीक्षेत मार्कही मिळवले. पण तो दृष्टांत डोळ्यांनी पाहिला तो फार उशिरा, आणि त्यात घाव घालणाऱ्यांच्या बाजूला मी उभा होतो. ती गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तुमच्या गावातही हेच झालेलं असेल.

मी ज्या मंदिरात सेवा करतो, त्याच्या दारासमोर रस्त्याकडेला एक कडुलिंब होता. दोन माणसांनी हात धरले तर कवेत यावा एवढा. त्याच्याखाली एक आजी पाट टाकून तुळशीचे हार विकायची. चैत्रात त्याचा मोहोर तिच्या टोपलीत पडायचा. गुढीपाडव्याला सगळी आळी त्याचाच पाला न्यायची.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्या रस्त्याला नवा फुटपाथ मंजूर झाला. जुन्या शहाबादी फरश्या काढायच्या, बाजूनं पाइपासाठी चर खणायचा, खाली काँक्रीट, वर रंगीत पेव्हर ब्लॉक. लोकांनी मला बोलावलं, "महाराज, तुमच्या हातानं नारळ फोडा." मी फोडला. गळ्यात हार घालून घेतला, फोटोही काढून घेतला. तेव्हा ती आजी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "महाराज, माझ्या लिंबाला काही होणार नाही ना?"

मी हसून म्हणालो, "अगं आजी, झाडाला हात कोण लावतंय? एक फांदीसुद्धा तोडणार नाहीत."

आणि खरंच, एक फांदी तुटली नाही. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. बुंध्यापासून हातभर अंतरावरून त्यानं सरळ चर मारला. कड्कड् आवाज येत होता. मी मंदिरात हरिपाठाला बसलो होतो, मला वाटलं जुनी फरशी फुटतेय. त्या मुळ्या होत्या. दुपारी बाहेर आलो, तर यंत्र चालवणारा पोरगा त्याच कडुलिंबाखाली डबा उघडून बसला होता. गार सावली होती. बाराव्या अध्यायातला दृष्टांत माझ्यासमोर भाकरी खात बसला होता, आणि मला तो ओळखता आला नाही. मी त्या पोराला ताक नेऊन दिलं. पोराची काही चूक नव्हती. त्याला सांगितलं तेवढं त्यानं केलं. सांगणाऱ्याला कोणी अडवलं नाही, आणि नारळ तर मीच फोडला होता.

काम झालं. फुटपाथ आरशासारखा सपाट. काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलेलं, मातीचा एक कण दिसत नव्हता. सगळे म्हणाले, किती स्वच्छ झालं!

पहिल्या वर्षी झाड हिरवंगार. मी आजीला म्हणालो, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" दुसऱ्या चैत्रात मोहोर विरळ आला. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या काटक्या वाळल्या. आम्ही म्हटलं, यंदा ऊन फार. चौथ्या वर्षी आषाढात, रात्रीच्या वाऱ्यापावसात, तो कडुलिंब मुळासकट आडवा झाला. आजीचा पाट होता बरोबर त्याच जागेवर खोड पडलं होतं. रात्रीची वेळ म्हणून आजी घरी होती. दिवसा पडला असता तर आज मी ही कथा तुम्हाला सांगायला उभा राहिलो नसतो. माझं धैर्य झालं नसतं.

सकाळी आम्ही सगळे जमलो. उपटलेला बुंधा पाहिला. मंदिराच्या बाजूला मुळ्या होत्या. रस्त्याच्या बाजूला काहीच नव्हतं. जणू सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ, आणि त्या रेघेवर काळी पडलेली, बोटानं भुगा व्हावी अशी कुजकी टोकं. काँक्रीटच्या गळपट्ट्याखालची सालही सडलेली. रोपवाटिकेत आयुष्य घालवलेले एक माळीकाका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "महाराज, हे झाड काल पडलं नाही. तुम्ही नारळ फोडलात त्या आठवड्यातच ते पडलं होतं. आडवं व्हायला चार वर्षं लागली."

विठ्ठल! विठ्ठल!

आता एक शंका घ्यायची. माझ्या एका शिष्यानंच घेतली होती. म्हणाला, "महाराज, गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी अश्वत्थ तोडायलाच सांगितलाय, मग तुम्ही झाडासाठी एवढे कष्टी का होता?" पोरगा हुशार! मी म्हटलं, बाबा रे, पंधराव्यातला अश्वत्थ उलटा आहे. त्याचं मूळ वर आणि फांद्या खाली. तो संसाराचा वृक्ष, आणि तो तोडायचं शस्त्र आहे वैराग्य. तुझ्या दारातलं झाड उलटं आहे का? जेसीबी म्हणजे वैराग्य का? आणि पंधराव्याच्या आधी दहावा येतो. तिथं तेच भगवंत म्हणतात की सगळ्या वृक्षांमध्ये अश्वत्थ मी आहे. आपण काय करतो? मनातला संसारवृक्ष खतपाणी घालून वाढवतो, आणि ज्यात देव आहे म्हणून सांगितलं, त्याची मुळं तोडतो.

त्या माळीकाकांच्या पायाशी मी पुढं महिनाभर बसलो. साठीकडे झुकलेला माणूस मी, पण विद्यार्थी झालो. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. त्या तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ कुठं असतं? आपण म्हणतो, झाड जेवढं वर, तेवढंच खाली. तसं नाही, बरं का. रोप लहान असतं तेव्हा त्याला सोटमूळ असतं. पण मोठ्या झाडाच्या बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीतच आडव्या पसरतात. पीठ मळायची परात असते ना, तशा पसरट. आणि पसरतात किती? दुपारी बाराला सावली जिथपर्यंत पडते, त्याच्याही पलीकडे. म्हणजे आपण दोन फूट खोल चर खणतो, तेव्हा झाडाला वाटेल "चला, वरवरच खणलं"? अरे, त्याचा सगळा संसारच वरवर आहे!

दुसरी गोष्ट, मूळ श्वास घेतं. पान श्वास घेतं हे शाळेत शिकलो. मुळालाही हवा लागते, आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळते. रोलर फिरला, यंत्रं उभी राहिली, खडीचे ढीग पडले की ती पोकळी दाबली जाते. हवा नाही, पाणी मुरत नाही. वरून काँक्रीट ओतलं की नाकावर हात ठेवल्यासारखं. आणि बुंध्याची साल ही उघड्यावर राहायची वस्तू आहे. तिला माती-सिमेंटात पुरली की ती ओलीनं कुजते.

तिसरी गोष्ट, झाड उशिरा बोलतं. एकादशीचा उपवास करून माणूस दिवसभर चालतोच की नाही? अंगात साठवलेलं असतं त्याच्यावर. झाडाचंही तसंच. मुळं तुटली तरी साठवलेल्या अन्नावर ते दोन, तीन, कधी पाच वर्षं आणि त्याहून जास्तही तग धरतं. तोवर बिल निघालेलं असतं, साहेबाची बदली झालेली असते, आणि नारळ फोडणारा महाराज विसरून गेलेला असतो. मग झाड पडलं की आपण म्हणतो, वादळानं पडलं. वादळाला बोल लावणं सोपं. ते काही कोर्टात येत नाही.

आणि वादळात का पडतं? पालखीला दोन्ही बाजूंनी खांदेकरी असतात. एका बाजूच्या सगळ्यांनी एकदम खांदा काढला तर पालखीचं काय होईल? झाडाचं तेच होतं. एका बाजूच्या मुळ्या तोडल्या की उरलेल्या बाजूवर सगळा भार, आणि वारा तर काही बाजू बघून येत नाही.

आता न्यायानं बोलू. फुटपाथ नको का? हवाच. मी स्वतः गुडघ्याचा माणूस. म्हातारी माणसं रस्त्यावरून चालतात आणि गाड्या अंगावर येतात. बाबागाडी, चाकाची खुर्ची, शाळेची पोरं, सगळ्यांना सपाट वाट हवी. मुळ्यांनी फरश्या उचलल्या जातात आणि लोक ठेचकाळतात, ही तक्रार खरी आहे. पण मुळी वर का येते ते पाहा. खालची माती ठोकून दगड केलेली, आणि वरच्या फरशीच्या पोटाशी थोडी ओल, थोडी हवा. मुळी बिचारी जिथं पाणी आणि श्वास मिळतो तिथं जाते. आपण तिला खाली जागा ठेवली नाही, म्हणून ती वर आली. तिला तोडून प्रश्न सुटत नाही. जागा देऊन सुटतो.

जागा किती द्यायची? यासाठी मोजपट्टी लागत नाही, वारकऱ्याचं उपरणं पुरतं. बुंध्याला छातीच्या उंचीवर उपरणं गुंडाळा आणि घेर धरा. आता बुंध्यापासून बाहेर मोजायला लागा. एका घेराएवढ्या अंतरापर्यंत मोठी मुळी तोडायची म्हणजे झाडाचे पायच तोडायचे. तिथं काही करायचं नाही. आणि चार घेरांपर्यंत यंत्र न्यायचं नाही. काम करायचंच तर हातानं, कुदळ जपून, मुळी दिसली की थांबून. झाड जाणणारे लोक खोडाच्या जाडीची बारापट धरतात. घेराच्या हिशोबानं ते चौपटीच्या जवळ जातं. सहा फूट घेराचं झाड असेल, तर चोवीस फुटांपर्यंत जपायचं. शहरात एवढी मोकळी जागा क्वचित मिळते, मला माहीत आहे. पण निदान कळू तर द्या की आपण कोणाच्या अंगणात खणतोय!

मग फुटपाथ कसा करायचा? वाकवायचा. रस्ता वळण घेतो, नदी वळण घेते, फुटपाथलाच सरळ जायची प्रतिज्ञा कोणी दिली? बुंध्याभोवती माती उघडी ठेवायची. जागा अपुरी असेल तर गाडी लावायच्या पट्ट्यातून चार फूट घ्यायचे. मुळ्या वर आल्या असतील तर त्या खरवडायच्या नाहीत. थोडी वाळू टाकून ब्लॉक जरा उंचावर बसवायचे, खाली काँक्रीट ओतायचं नाही, म्हणजे पाणी मुरतं, आणि पुढं उंचसखल झालं तर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. फार मोठी मुळी आडवी आली, तर कोकणात ओढ्यावर साकव घालतात तसा दोन टेकूंवर छोटा साकव घालायचा. खालून मुळी जाईल, वरून माणूस.

पाइप किंवा केबल न्यायची असेल तर मुळ्यांच्या खालून आडवं भोक पाडून नेता येते. उघडा चर मारायलाच हवा असं नाही. मनगटाएवढी मुळी तोडायची नाही. बोटाएवढी तोडावीच लागली, तर करवतीनं साफ कापायची. जेसीबीच्या दातांनी ओढून फाडली की फाटलेल्या जागेतून कूज आत शिरते. उघड्या मुळ्यांवर ओलं गोणपाट घालायचं आणि होईल तितक्या लवकर, त्याच दिवशी, माती ओढायची.

काम चालू असताना झाडाभोवती बांबूचं कुंपण घालायचं. तिथं खडी-वाळूचे ढीग नकोत, सिमेंट कालवणं नको, घमेली धुतलेलं पाणी नको. त्या पाण्यात चुन्याचा अंश असतो, माती खारवटते. डिझेल नको. आणि कामाच्या आधी आणि नंतर झाडाला पोटभर पाणी द्यायचं. आपण घरी ऑपरेशन असलेल्या माणसाला जपतो ना, तसं.

कायदाही झाडाच्या बाजूला आहे, बरं का. आपल्या महाराष्ट्रात १९७५ सालापासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. त्यात झाड तोडणं याचा अर्थ केवळ कुऱ्हाड मारणं एवढाच नाही. झाड जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे त्याला इजा करणं, हेही त्यात येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज ट्री, म्हणजे प्राचीन वृक्ष, असा मान दिला. तिकडे दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली आदेश दिला की झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. म्हणजे तुम्ही वॉर्ड ऑफिसात गेलात, तर भीक मागायला गेलेला नाहीत. तारीख घातलेला फोटो काढा, साधा अर्ज लिहा, उद्यान विभागात द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. देवाकडे पोच लागत नाही, ऑफिसात लागते!

आता जरा आपल्याच घरात पाहू. दुसऱ्याला शहाणपण सांगणं सोपं. मंदिरातला पिंपळाचा पार कोणी सिमेंटनं बुजवला? आपण भक्तांनीच. जुने पार दगडमातीचे असायचे, सांध्यांतून पाणी मुरायचं. आता देणगीदाराला ग्रॅनाइट हवं, त्यावर नाव हवं. नाव राहतं, पिंपळ वाळतो. वटपौर्णिमेला बाया वडाला सूत गुंडाळतात, सात जन्मांचा सोबती मागतात. मागा हो मायबाई, पण पाणी घालायला गेलात तर ते मुरायला तिथं माती आहे का, ते एकदा खाली वाकून पाहा. सात जन्मांचं मागताना त्या वडाच्या ह्या जन्माची चौकशी करा. आणि पारंब्या लोंबतात म्हणून छाटून टाकू नका. जमिनीला टेकल्या की त्याच वडाचे टेकू होतात. म्हातारपणी आधाराला येणारी लेकरंच ती.

(भजन : विठ्ठल विठ्ठल)

आता शेवटाकडे येतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याच रस्त्याला, जरा पुढं, पुन्हा फुटपाथ निघाला. तिथं वड आहे. मला पुन्हा नारळासाठी बोलावणं आलं. मी निघालो, तर वाटेत ती आजी. आता पाठीत वाकलेली, हार तिची नात विकते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "महाराज, ह्या वेळी नारळ फोडायच्या आधी खाली बघा."

माऊली, मला गुरूंनी अनुग्रह दिला तो एका ठिकाणी. दुसऱ्यांदा मिळाला तो तिथं, रस्त्यावर.

मी नारळ पिशवीत ठेवला. अंगावरचं उपरणं काढलं आणि वडाला गुंडाळलं. लोक म्हणाले, महाराज प्रदक्षिणा घालताहेत! मी म्हटलं, मोजतोय. माळीकाकांना बोलावलं. कामावरचा इंजिनिअर तरुण होता, आधी वैतागला, मग ऐकायला लागला. त्याच्या नकाशात झाड एका ठिपक्याएवढं होतं. मुळ्या नकाशात नव्हत्याच. आम्ही खडूनं जमिनीवर वर्तुळ काढलं. भांडणं झाली, हे लपवत नाही. दोन गाड्यांची जागा गेली, ते मालक अजून माझ्याशी बोलत नाहीत. एका दुकानदाराला वाटलं फुटपाथ वाकडा झाला तर गिऱ्हाईक वाकडं होईल. आठ दिवस काम अडलं. शेवटी फुटपाथ वडाला वळसा घालून गेला. खाली वाळू, वर सुटे ब्लॉक, बुंध्याभोवती मोकळी माती. ब्लॉकच्या पलीकडे पारंब्यांनाही जागा ठेवली.

सगळं मनासारखं झालं का? नाही. आम्ही पोचायच्या आधीच एका बाजूला मनगटाएवढी एक मुळी तुटली होती. माळीकाकांनी ती करवतीनं साफ केली, ओलं गोणपाट घातलं, माती ओढली. मग मी नारळ फोडला, आणि पाणी त्या मुळीवर ओतलं.

आज वड हिरवा आहे. पण "वाचला" असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. झाड उशिरा बोलतं, हे मी मोठी किंमत देऊन शिकलो. अजून काही पावसाळे जाऊ द्यात. दर एकादशीला मी तिथं जातो, शेंडा पाहतो, मग वाकून बुंधा पाहतो. गुडघा दुखतो, पण वाकतो. पहिल्या वेळी वाकलो असतो तर कडुलिंब असता.

वारकरी मायबाप, तुम्ही यंदाही निघाल. पालखी पुण्यात मुक्कामी येईल, मग दिवेघाटाचं ऊन, मग सासवड. पालखीमार्ग रुंद झाला तेव्हा कडेचे किती जुने वड गेले, ते तुम्ही पायांनी मोजलं आहे. जिथं आपले आजे-पणजे टेकले, तिथं आता तुम्ही उन्हात उभे असता. तुकोबारायांनी झाडांना सोयरे मानलं. सोयऱ्याच्या घरी गेलं की आपण विचारतो ना, "कसं काय, बरं आहे ना?" मग यंदा शहरातून जाताना ज्या झाडाखाली तुम्ही पाठ टेकाल, त्याच्या बुंध्याकडे एकदा पाहा. माती दिसते का? सिमेंट गळ्याशी आलंय का? मातीचा तुकडा दिसला तर बाटलीतलं उरलेलं पाणी तिथं ओता. गळ्याशी सिमेंट दिसलं तर फोटो काढा आणि गावी परतल्यावर आधी आपल्या आळीतल्या, आपल्या मंदिरापुढच्या झाडापासून सुरुवात करा.

नाथांना हाक आली ती स्वप्नात. गळ्याशी आलं आहे, ये आणि सोडव. नाथ पैठणाहून आळंदीला गेले. तुम्हाला एवढं चालायचं नाही. तुमच्या दारासमोर कोणाचा तरी गळा आवळलेला आहे. कीर्तनाच्या शेवटी आपण पसायदान म्हणतो, सगळ्या भूतमात्रांसाठी मागतो. मागून झालं की उठा, बाहेर जा, आणि नाथांसारखे खाली वाकून पाहा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथमहाराज की जय!